एलईडी माळेसाठी घरगुती पॉवर सप्लाय: सुरक्षित कसा बनवायचा?

गणपतीच्या मखरासाठी स्वतः एलईडी माळ बनवायची हौस बऱ्याच जणांना असते. मलाही होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक कपॅसिटर, दोन रेझिस्टर आणि चार डायोड जोडून 230 व्होल्टवर थेट चालणारा सप्लाय बनवला. माळ लागली. एका एलईडीवर मीटर लावला तर जेमतेम 3 व्होल्ट! म्हटलं, एवढ्याने काय होतंय? मग चालू माळेतला एक वाकडा एलईडी सरळ करायला गेलो आणि असा झटका बसला की हात कोपरापर्यंत बधिर.

मी मोजलं होतं ते एलईडीच्या दोन पायांमधलं व्होल्टेज. माळेची वायर आणि जमीन यांच्यातलं मोजलंच नव्हतं. या सर्किटमधला कपॅसिटर फक्त माळेतला करंट मर्यादित ठेवतो (0.22 मायक्रोफॅरडचा असेल तर साधारण 15 मिलिअँपिअर). तो माळेला घरच्या लाइनपासून वेगळं करत नाही. त्यात टू-पिन प्लग उलटा बसला की फेज कपॅसिटरला वगळून डायोडमधून सरळ माळेत येतो. मग माळेला हात लावणं म्हणजे जवळजवळ सॉकेटमध्ये बोट घालणंच. उघड्या सोल्डरिंगच्या माळेला हे सर्किट वापरूच नका.

त्याऐवजी ट्रान्सफॉर्मर घ्या. त्यात प्रायमरी आणि सेकंडरी या दोन वेगळ्या वाइंडिंग असतात. वीज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, तारेतून नाही. यालाच आयसोलेशन म्हणतात. 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, 1एन4007 चे चार डायोड, 2200 मायक्रोफॅरड 35 व्होल्टचा कपॅसिटर आणि हीटसिंक लावलेला 7812 रेग्युलेटर एवढं पुरतं. रेग्युलेटर गाळू नका, कारण कपॅसिटरनंतर 12 चे 15-16 व्होल्ट होतात आणि एलईडी लवकर जळतात.

आता माळ. पांढऱ्या एलईडीला साधारण 3.2 व्होल्ट लागतात. तीन एका ओळीत जोडले की 9.6. उरलेल्या 2.4 व्होल्टसाठी 180 ओहमचा रेझिस्टर लावला की करंट सुमारे 13 मिलिअँपिअर. प्रत्येक ओळीला स्वतःचा रेझिस्टर हवाच. सगळ्या ओळींना मिळून एकच लावायचा कंजूषपणा नको. अशा 20 ओळी, म्हणजे 60 एलईडी, मिळून 0.26 अँपिअर घेतात. तयार स्ट्रिपचं गणित मात्र वेगळं: मीटरला 14.4 वॅटची 5 मीटर स्ट्रिप 6 अँपिअर ओढते. ती या सप्लायला झेपणार नाही.

दोन फ्यूज लावा: प्रायमरीला 250 मिलिअँपिअरचा, आउटपुटला 500 चा. 230 व्होल्टच्या प्रत्येक जोडावर हीटश्रिंक स्लीव्ह चढवा आणि सगळं प्लास्टिकच्या बंद डब्यात बसवा. डबा मखराच्या कापडापासून, पुठ्ठ्यापासून लांब ठेवा.

यातलं 230 व्होल्टचं काम जमेल असं वाटत नसेल, तर बीआयएस नोंदणीचा मार्क असलेला 12 व्होल्टचा अडॅप्टर घ्या आणि फक्त माळ घरी बनवा. मी आता तेच करतो.