गायरानाची लढाई आणि संघटनेची हत्यारे

बदलत्या काळाला संघटनांनी कसे सामोरे जावे, हा प्रश्न आपल्या शिबिरांतून वारंवार चर्चिला जातो. चर्चा बहुधा नेतृत्व आणि गटबाजी यांवर येऊन अडते. मला मात्र या प्रश्नाचे उत्तर बीड जिल्ह्यातल्या गायरानांच्या इतिहासात शोधावेसे वाटते. कारण तिथे मागणी सत्तर वर्षे एकच राहिली आहे : कसणाऱ्याच्या नावावर जमीन. ती नाकारणाऱ्या व्यवस्थेने मात्र आपली जागा सतत बदलली.

बाबासाहेबांनी संघटनेच्या रूपाला कधीच पवित्र मानले नाही. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. १९३७ च्या निवडणुका समोर दिसताच १९३६ साली शेतकरी-कामगारांना कवेत घेणारा स्वतंत्र मजूर पक्ष उभा केला. सत्तांतराच्या वाटाघाटींत अस्पृश्यांचा स्वतंत्र आवाज दडपला जाणार हे ओळखून १९४२ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केले. आणि स्वातंत्र्यानंतर तेही अपुरे ठरते आहे हे पाहून रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली. ती त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली साकार झाली. रूप बदलले, ध्येय ढळले नाही. हा वारसा आपण स्मारकांत ठेवला, पण व्यवहारात किती ठेवला?

बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. १९४८ साली निजामाची सत्ता गेली. गावातल्या देशमुख-पाटलांची गेली नाही. भूमिहीन दलितांपुढे एकच मोकळी जमीन होती : गावच्या गुरांसाठी राखलेले सरकारी गायरान आणि पडीक. १९५३ साली फेडरेशनने मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह केला. शेकडो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह झाला आणि लाखोंनी तुरुंग भरले. त्या काळी नकार पोलीस ठाण्यात बसला होता, म्हणून तुरुंग भरणे हे योग्य हत्यार होते.

पण तुरुंगातून सुटून आलेला माणूस जमिनीवर उभा राहिला, तेव्हा त्याच्यासमोर तलाठी होता. १९७८ साली आणि पुन्हा २८ नोव्हेंबर १९९१ रोजी शासनाने अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय काढले. दुसऱ्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे धरली गेली. आता प्रश्न असा आला की, आपण कसत होतो हे सिद्ध कशाने करायचे? कसणाऱ्याकडे घट्टे पडलेले हात होते, कागद नव्हता. अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये होते, आणि ती करायची की नाही हे तलाठ्याच्या लेखणीवर होते. नकार ठाण्यातून दप्तरात सरकला होता.

ही सरक ज्यांनी वेळीच ओळखली त्यांत बीड जिल्ह्यातले एकनाथ आवाड हे प्रमुख नाव. पोतराजाच्या घरात जन्मलेला हा मातंग कार्यकर्ता; लोक त्यांना जिजा म्हणत. १९९० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या मानवी हक्क अभियानाने मोर्चा सोडला नाही, पण मोर्च्याला कागदाची जोड दिली. दंडाची पावती जपून ठेवा, ती शिक्षा नव्हे, पुरावा आहे : ही समज चळवळीने गावोगाव नेली. ज्या कागदाची माणसाला भीती वाटत होती, तोच त्याच्या बाजूने साक्ष देऊ लागला. माझ्या मते मराठवाड्याच्या चळवळीतील हे फार मोठे नवे पाऊल होते. शिवाय मांग, महार, पारधी यांना एका बांधावर आणण्याचा प्रयत्न तिथे झाला. २०१५ साली आवाड गेले.

त्यानंतर नकार पुन्हा हलला. जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश राज्यांना दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील गायरानांबाबत तसाच आदेश दिला आणि गावोगाव नोटिसा आल्या. मोर्चे निघाले. पण २०११ च्या त्याच निकालात एक अपवाद आहे. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन पट्ट्याने दिली असेल, तर नियमित करणे चालेल, असे तिथे म्हटले आहे. नोटीस घेऊन आलेल्या किती माणसांना आपल्या कार्यकर्त्यांनी हे वाक्य वाचून दाखवले? धनदांडग्याचे अतिक्रमण आणि भूमिहीनाची भाकर यांतला फरक न्यायालयात मांडायला निकाल वाचणारी संघटना लागते.

आजचा नकार तर मोबाईलमध्ये शिरला आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पीक नोंदवतो, पण त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागते. गायरान कसणाऱ्याचे नावच नाही, मग नोंद कुठून होणार? तलाठ्याशी निदान भांडता येत होते. दुसरीकडे सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी शोधल्या जात आहेत आणि त्यांत गायरानेही आली.

बीडची आणखी एक अडचण आहे. इथला भूमिहीन दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांकडे जातो आणि उन्हाळा लागला की परततो. पावसाळ्यात त्याचे पीक उभे असते; पंचनामा हिवाळ्यात झाला तर रान रिकामे दिसते आणि घराला कुलूप. अशा जिल्ह्यात संघटनेचे वर्ष कोयत्याच्या वर्षाप्रमाणे आखले पाहिजे. जून ते सप्टेंबर हा तिचा पुरावा गोळा करण्याचा हंगाम. उभ्या पिकाचे तारखेसह छायाचित्र, शेजाऱ्यांचे जबाब, ग्रामसभेचा ठराव, जुन्या पावत्यांच्या प्रती हे सारे संघटनेच्या स्वतःच्या नोंदवहीत असले पाहिजे. आणि ती नोंदवही लिहायला गावातल्या शिकलेल्या मुलींना बसवले पाहिजे. कसण्यात बाईचा वाटा अर्ध्याहून अधिक असताना पुराव्यात तिचे नाव नसावे, हे आता खपवून घेता कामा नये.

काही मित्र म्हणतील, ही तर कारकुनी झाली, क्रांती कुठे आहे? मला वाटते, १९५३ च्या सत्याग्रहींनीही आपल्या काळातला नकार कुठे बसला आहे ते पाहूनच पाऊल उचलले होते. त्यांचे अनुकरण करायचे तर त्यांची घोषणा नव्हे, त्यांची नजर घेतली पाहिजे. मोर्चा हवाच. पण मोर्चा कलेक्टर कचेरीवर पोहोचेल तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईच्या हातात झेंड्याबरोबर तिच्या तुकड्याची फाईलही असली पाहिजे.