पहिला प्रश्न कुणाला?

जालन्यात एकेकाळी वेड्यांचे इस्पितळ होते, हे आज जालनेकरांनाही फारसे माहीत नसते. आणि ते काही एखाद्या गावापुरते नव्हते, निजामाच्या राज्याचे होते. राजधानी हैदराबादेत, मनोरुग्ण मात्र तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या जालन्यात. १९०० च्या सुमाराला मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज सुरू झाली होती. तेलंगणातला माणूस भ्रमिष्ट झाला की त्याला त्या गाडीत बसवून इकडे आणत असणार. हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर पाच वर्षांनी, १९५३ मध्ये, हे इस्पितळ जालन्याहून हलवून हैदराबादेत एर्रागड्ड्याला नेले. पुढे तीनच वर्षांनी भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला. आपली पाच जिल्ह्यांची माणसे इकडे आली, इस्पितळ तिकडे राहिले.

महाराष्ट्राच्या वाट्याला प्रादेशिक मनोरुग्णालये आली ती ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची. चारही इंग्रजांच्या काळातली, चारही मराठवाड्याबाहेर. त्यामुळे औरंगाबादचा माणूस फारच बिघडला, तर घरचे त्याला एसटीत मध्ये बसवून पुण्याला नेत. अलीकडे जालन्यालाच प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाले. बातमी वाचून आमच्या क्षेत्रातल्या तरुण मुलांना वाटले, मराठवाड्याला पहिल्यांदाच काहीतरी मिळतेय. मी म्हटले, मिळत नाहीये रे बाबांनो, परत येतेय.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. या शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हापासून, म्हणजे तीसेक वर्षे, उस्मानपुऱ्यात बसते. पहिल्यांदा येणारे लोक फोनवर हमखास विचारतात, ‘मॅडम, तिथं नेमकं काय करतात?’ या प्रश्नाचे उत्तर मी आजचे देते. पण आजच्या पद्धतीला मागे एक इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला की खुर्चीत बसल्यावर आपण एवढे अवघडतो का, ते कळते.

संस्थान भारतात आल्यावर इथे १९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट लागू झाला. त्या कायद्यात रुग्णाची पहिली भेट डॉक्टरांशी नव्हतीच, ती मॅजिस्ट्रेटशी. घरच्यांनी अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, त्यातला एक सरकारी डॉक्टरचा. मग मॅजिस्ट्रेट रुग्णाला भरती करून घेण्याचा हुकूम काढणार. रस्त्यावर भटकणारा असेल तर पोलीसच त्याला हजर करणार. डॉक्टरने भरायच्या दाखल्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टात दिलेला आहे. त्यात कारणांसाठी दोन रकाने. एक, वेडाची जी लक्षणे मी स्वतः पाहिली ती. दुसरा, जी इतरांनी मला सांगितली ती. संपला दाखला. ज्याच्याबद्दल हे सगळे चालले आहे तो स्वतः काय म्हणतो, याला रकाना नाही. स्वतःहून दाखल होण्याची सोय होती, नाही असे नाही. पण तिलाही रुग्णालयाच्या दोन ‘व्हिजिटर’ मंडळींची संमती लागे. मी हा नमुना विद्यार्थ्यांना दरवर्षी वाचायला देते. पुस्तकातली चार प्रकरणे समजावून जे होत नाही ते या एका कागदाने होते.

आणि हा काही फार जुना मामला नाही. त्याची जागा घेणारा १९८७ चा मेंटल हेल्थ ॲक्ट प्रत्यक्षात लागू झाला तो १ एप्रिल १९९३ ला. म्हणजे क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे १९५० च्या दशकात आली, आजार आटोक्यात येऊ लागले, माणसे घरी राहून बरी होऊ लागली, तरी कायदा चाळीस वर्षे ‘ल्युनॅटिक’ हाच शब्द चालवत होता.

कोर्टाच्या पायऱ्या चढणारे तसे थोडेच. बाकीच्यांची वाट वेगळी होती, आणि ती अजूनही वाहती आहे. आमच्याकडे ‘डोक्याचं’ म्हणण्याआधी ‘बाहेरचं’ म्हणतात. आधी गावातला देवऋषी, त्याचा अंगारा, काळा दोरा. मग अमावास्येच्या फेऱ्या. आणि तेवढ्याने भागले नाही की सैलानी. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. हिंदू, मुसलमान सगळे जातात. माझ्याकडे येणाऱ्या गंभीर रुग्णांच्या घरी ‘आधी कुठं कुठं दाखवलं?’ असे विचारले, की सैलानीचे नाव निघतेच. विचारताना आवाजात जरा जरी चढ आला, तर समोरची आई ते नाव गिळून टाकते, आणि मग कोणते औषध कधी थांबवले, हेही तिच्याकडून खरे कळत नाही. म्हणून मी हा प्रश्न ‘नाश्ता झाला का?’ इतक्या साधेपणाने विचारते.

दर्ग्यात बाईला हाजरी येते, म्हणजे अंगात येते, तेव्हा तिला ‘तुला काय होतंय?’ असे कुणी विचारत नाही. तिच्या अंगातल्याला विचारतात, ‘तू कोण? कुठून आलास? का धरलंस हिला?’ उत्तर मात्र तिच्याच तोंडून येते. सासरच्या माणसांसमोर, मोठ्याने, शिव्यांसकट. घरी जिने पंधरा वर्षांत मान वर केली नाही, ती तिथे नवऱ्याचे सगळे काढते आणि सगळे हात जोडून ऐकतात. आमच्या विषयाची मंडळी या प्रकाराला सरसकट अंधश्रद्धा म्हणून मोकळी होतात. मला तेवढे सोपे वाटत नाही. बोलायला जागा मिळाली की माणसाला थोडे हलके वाटते, हे त्या जागेला आमच्या आधीपासून माहीत होते.

पण अशा ठिकाणी माणसांना बांधून ठेवणारा साखळदंड हा साखळदंडच. तिथे माझे कौतुक संपते. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या झोपडीवजा आश्रमाला आग लागली. बांधून ठेवलेले २८ जण पळूही शकले नाहीत. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि बांधून ठेवण्याचा प्रश्न देशभर ऐरणीवर आला. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, आणि मगच वटहुकूम निघाला, वर्षअखेर कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे हा त्यामुळे महाराष्ट्रात गुन्हा आहे.

मध्यमवर्गाची मानसशास्त्रज्ञाशी गाठ पडली ती मात्र वेडाच्या वाटेने नव्हे, शाळेच्या वाटेने. धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत नावाचे शिक्षणतज्ज्ञ होते. बिने यांची बुद्धिमापन चाचणी त्यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. हे काम १९३० च्या दशकातले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० चे. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही वापरात आहे. मी व्यवसाय सुरू केला तेव्हा माझ्याकडे टेबल, दोन खुर्च्या आणि या चाचणीचे साहित्य, एवढेच भांडवल होते. ओवायचे मणी, चित्रांची कार्डे, ऐकून तसेच परत म्हणायचे आकडे. तीन वर्षांचे पोर मणी ओवताना जीभ बाहेर काढते. शेजारी बसलेल्या बापाची नजर त्या दोऱ्यावर, जणू त्याचाच निकाल लागणार आहे.

वाळूजला कारखाने वाढले होते, बाहेरगावचे इंजिनिअर सिडकोत घरे घेत होते, आणि मुलाला गणितात कमी मार्क का, हा प्रश्न पैसे देऊन विचारण्याजोगा झाला होता. माझ्या पाटीवर मी ‘मानसोपचार’ लिहिलेच नाही. ‘मार्गदर्शन केंद्र’ लिहिले. घरमालकांनी तरी विचारले, ‘ताई, इथं वेडेबिडे येणार नाहीत ना?’ मी म्हणाले, दहावीची मुले येतील. खोटे नव्हते. मुलाची कलचाचणी करून घ्यायची, रिपोर्ट घ्यायचा, आणि मूल जिना उतरले की आईने दारातूनच परत वळून म्हणायचे, ‘मॅडम, माझंही जरा होतं.’ कितीतरी बायकांची पहिली भेट अशी दारात, उभ्याउभ्या झाली आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते, माणसे दमून झोपली होती. हजारो गेले. मागे राहिलेल्यांच्या मनाचे काय, हा प्रश्न मराठवाड्यात सरकारी पातळीवर गंभीरपणे विचारला गेला तो तेव्हा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला. नाटक-सिनेमामुळे सगळ्यांना माहीत असलेले डॉ. मोहन आगाशे हे मुळात मानसोपचारतज्ज्ञ, या कामात ते होते. पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन माणसाला ‘झोप लागते का?’ असे विचारायचे, ही तेव्हा नवीन गोष्ट होती. ज्याला विचारले तो वेडा नव्हता, गुन्हेगार नव्हता, नापास झालेला विद्यार्थीही नव्हता. त्याचे घर पडले होते, एवढेच.

आता आजची पहिली भेट. पैठण तालुक्यातला पंचविशीतला मुलगा, सोबत आई. आईच्या हातात औषधांच्या दुकानाची पिशवी, तिच्यात सीटी स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. मी मुलाकडे बघून विचारते, ‘काय त्रास होतोय?’ आई सांगते, ‘ह्याला करमतच नाही बघा. जेवत नाही. रात्रभर मोबाइल.’ मी परत मुलाकडे बघते. परत आईच. मग मी म्हणते, ‘मावशी, तुमचं सगळं ऐकणार आहे मी. आधी वीस मिनिटं जरा बाहेर बसता का?’ दार लागते. मुलगा पंख्याकडे बघत राहतो. मी घाई करत नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणतो, ‘मॅडम, टकुरं चालंना.’ इथून भेट सुरू होते.

ही भेट साधारण पाऊण तास ते तासभराची असते. झोप, भूक, कामधंदा, घरात कोण कोण, दारू-गुटखा, आधीचे आजार, चालू गोळ्या, सगळे विचारतात. ‘मरून जावंसं वाटतं का?’ हेही सरळ विचारतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट असेल तर बाहेर पडायला वाट मिळते. मानसशास्त्रज्ञ गोळ्या लिहून देत नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचे, तो एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर. गरज वाटली तर आम्ही त्यांच्याकडे पाठवतो, कधी आधी थायरॉइड तपासून या म्हणतो. पहिल्या दिवशी निदान मिळेलच असे नाही. सगळे सांगून टाकण्याची सक्ती तर नाहीच. सांगितलेले बाहेर जात नाही; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने मागितले तर अपवाद, आणि तो अपवाद पहिल्याच भेटीत तुम्हाला सांगायला हवा. नाही सांगितला तर तुम्ही विचारा. फी किती, हेही आधीच विचारा, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणखी एक विचारा, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते: शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचे एम.फिल. ही आजवरची रुळलेली वाट. ‘काउन्सेलर’ अशी पाटी मात्र आठवड्याचा कोर्स केलेलेही लावतात. शहरात अशा पाट्या आता गल्लोगल्ली आहेत, आणि माझ्या मते देवऋष्याइतकेच नुकसान त्या करू शकतात.

खासगीतली फी परवडत नसेल तर घाटीच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढा, रांगेत बसा. वेळ लागेल, पण दाखवून होईल. शेजारच्या बाकावर ओळखीचे कुणी भेटले तर घाबरू नका, तेही त्याच कामाला आले आहेत. घराबाहेर पडणेच जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येते.

कुणाला सोबत घेऊन येणार असाल तर फाईल आणा, चालू गोळ्यांची पाकिटे आणा, कुठे कुठे दाखवले ते न लपवता सांगा. फक्त खोलीत पहिला प्रश्न विचारला जाईल तेव्हा उत्तर तुम्ही देऊ नका.