नांव आणि अर्थ : कांहीं कामकाजी शब्दांचा इतिहास

आमच्या परिचयाच्या अनेक सुशिक्षित घरांतून अलीकडे एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. रात्रीचीं जेवणें आटोपलेलीं असतात. मुलगा किंवा सून फोन कानाशीं धरून कचेरींतल्या सोबत्यांशीं बोलत असते आणि वडील मंडळी पलीकडे बसून ऐकत असतात. क्रियापदें मराठी, विभक्तिप्रत्यय मराठी, हेलही आपल्याच गांवचा. पण ‘डेडलाइन’, ‘बग’, ‘स्क्रम’, ‘क्रिटिकल पाथ’ या शब्दांपाशीं आलें कीं वडिलांची वाट खुंटते. पोर दिवसाचे दहा तास कसलें काम करतें हें त्यांना शेजाऱ्यास सांगतां येत नाहीं; ‘संगणकावर असतो’ एवढेंच सांगून ते विषय बदलतात. याहून नवलाची गोष्ट ही कीं, मुलाला ‘म्हणजे काय रे?’ असें विचारलें तर तोही पुष्कळदां अडखळतो. शब्द रोज त्याच्या तोंडीं आहे. अर्थ मात्र त्यानें कधीं हातांत घेऊन पाहिलेला नाहीं.

अशा शब्दांविषयीं आपल्याकडे वाद होतो तो बहुधा एकच : शब्द इंग्रजी ठेवावा कीं संस्कृतांतून घडवावा? वाद महत्त्वाचा आहे, परंतु तो नांवाचा वाद आहे. नांवामागील अर्थ कोणी, केव्हां व कशासाठीं ठरविला, हा प्रश्न त्याच्याही अगोदरचा आहे. आणि इतिहास असें दाखवितो कीं, हे अर्थ कोशकाराच्या खोलींत ठरलेले नसून बहुतेक कामाच्या ओघांत, आणि कित्येक तर मोठें नुकसान सोसून, ठरलेले आहेत. त्यांतील कांहींची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

प्रारंभ ‘कंप्यूटर’ या शब्दापासूनच करूं. विसावें शतक निम्मेंअधिक सरेपर्यंत या शब्दानें यंत्राइतकाच, किंबहुना आरंभीं यंत्रापेक्षां अधिक, माणसाचा बोध होत असे. लांबलचक आंकडेमोड करण्यासाठीं पगारी नेमलेला इसम तो कंप्यूटर. राधानाथ सिकदर हे बंगाली गणिती १८३१ सालीं हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणी खात्यांत याच हुद्द्यावर लागले व पुढें मुख्य कंप्यूटर झाले. ‘शिखर क्रमांक १५’ म्हणून नोंदलेल्या ज्या हिमशिखराची उंची १८५६ सालीं २९,००२ फूट अशी जाहीर झाली व ज्याला १८६५ सालीं एव्हरेस्ट हें नांव मिळालें, त्याच्या गणिताशीं सिकदरांचें नांव निगडित आहे. अमेरिकेंत हार्वर्डच्या वेधशाळेंत तारकांचीं छायाचित्रें तपासून गणितें मांडणाऱ्या स्त्रियांनाही हेंच नांव होतें. पुढें यंत्र आलें, त्यानें माणसाची जागा घेतली, आणि जागेबरोबर हुद्द्याचें नांवही घेतलें. आपल्या भाषेंत तरी निराळें काय घडलें? ‘गणक’ म्हणजे गणित करणारा ज्योतिषी; त्याच्यामागें एक उपसर्ग लागला आणि ‘संगणक’ हें यंत्र झालें. दोन्ही भाषांतील शब्द माणसाकडून यंत्राकडे एकाच वाटेनें गेले.

या यंत्राचें सर्वांत लहान माप ‘बिट’. १९४८ सालीं क्लॉड शॅनन यानें संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडणारा आपला प्रसिद्ध निबंध छापला, तेव्हां हा शब्द आपणास जॉन ट्यूकी यानें सुचविल्याचें त्यानें नमूद केलें. होय किंवा नाहीं, एक किंवा शून्य, यांतील एका निवडीइतकें ज्ञान म्हणजे एक बिट. अशा बिटांच्या जुडग्याला ‘बाइट’ हें नांव १९५६ सालीं वेर्नर बुखहोल्ट्झ यानें दिलें. मूळ इंग्रजी शब्द ‘घांस’ या अर्थाचा, पण लिहितांना बिटाशीं घोटाळा होऊं नये म्हणून त्यानें त्याचें एक अक्षर मुद्दाम बदललें. बाइटांत बिट किती असावे याविषयीं प्रथम एकवाक्यता नव्हती. १९६४ सालीं आय.बी.एम. कंपनीनें ‘सिस्टम ३६०’ हीं यंत्रें जाहीर केलीं, त्यांत आठ बिटांचा बाइट होता, आणि त्यांच्या प्रसारामुळें तेंच माप रूढ झालें.

एवढें झालें तरी भांडण मिटलें नाहीं. ‘किलो’ म्हणजे हजार हें शाळेंतलें पोरही सांगेल. परंतु यंत्र दुपटीदुपटीनें मोजतें आणि दोनाची दहा वेळां दुप्पट केली कीं १०२४ होतात. म्हणून यंत्रशास्त्री १०२४ बाइटांनाच किलोबाइट म्हणूं लागले. तबकड्या विकणारे मात्र हजारानेंच मोजीत राहिले. याचा परिणाम आपल्या घरांत येऊन पोहोंचतो. वेष्टनावर ५०० गिगाबाइट लिहिलेली तबकडी आणावी आणि यंत्रास जोडावी, तों कित्येक यंत्रें ती सुमारें ४६५ च भरली असें सांगतात. घेणाऱ्यास वाटतें, दुकानदारानें फसविलें. वास्तविक मापांत खोट नसते. पायल्या दोन गांवच्या असतात. १९९८ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगानें १०२४ च्या मापांस ‘किबी’, ‘मेबी’, ‘गिबी’ अशीं वेगळीं नांवें ठरवून दिलीं. पण बाजारांत जुना गोंधळ अजून नांदतो.

‘बग’ म्हणजे किडा. हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या अवाढव्य गणनयंत्रांत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं एका रिलेंत अडकलेली पाकोळी सांपडली. कामगारांनीं ती चिकटपट्टीनें नोंदवहींत डकविली. तें पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहांत आहे. ग्रेस हॉपर या विदुषी ही कथा रंगवून सांगत. त्यामुळें शब्द त्यांनींच घडविला असा समज पसरला. तो खरा नव्हे. यंत्रांतील अडचणीला ‘बग’ म्हणण्याची चाल थॉमस एडिसनच्या १८७८ च्या पत्रांतही आढळते. पाकोळीचा विनोद कळण्यास शब्द अगोदरच रूढ असावा लागतो. आमच्या मतें या शब्दांत एक धोकाही आहे. किडा बाहेरून शिरतो. कार्यक्रमांतील चूक मात्र लिहिणाऱ्याच्याच हातून झालेली असते. ‘बग आला’ म्हणणारा नकळत आपली जबाबदारी पाकोळीच्या पंखांवर टाकीत असतो.

यंत्राचे शब्द झाले. आतां यंत्रावर काम करणाऱ्या माणसांचे. यंत्रांस चालविणारे कार्यक्रम मोठे होऊं लागले तसे ते वेळेवर पुरे होईनासे झाले. ऑक्टोबर १९६८ मध्यें जर्मनींतील गार्मिश येथें नाटो संघटनेच्या पुरस्कारानें तज्ज्ञांची परिषद भरली ती याच चिंतेपोटीं. मात्र मुदत, टप्पे, मनुष्यबळ यांची परिभाषा त्यापूर्वींच इतर क्षेत्रांत तयार झालेली होती.

‘डेडलाइन’ हा शब्द तर कारागृहांतून आला. अमेरिकेच्या यादवी युद्धांत, १८६४ सालीं, जॉर्जिया संस्थानांत अँडरसनव्हिल येथें युद्धकैद्यांचा तळ होता. तटाच्या आंत कांहीं अंतरावर एक हलका लांकडी कठडा घातलेला असे. तो ओलांडणाऱ्या कैद्यास पहारेकऱ्यानें गोळी घालावी असा हुकूम होता. ती ‘मरणरेषा’. त्या तळावर सुमारें ४५,००० कैदी येऊन गेले व जवळजवळ १३,००० मेले, बहुतेक रोगानें व उपासमारीनें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून हा शब्द मजकूर देण्याच्या अखेरच्या वेळेस लागूं लागला. आपल्या ‘मुदत’ या शब्दांत सवड मागण्याची सोय आहे. त्या शब्दांत ती नाहीं. मुलें तो उच्चारतांना कां दचकतात, याचें कारण त्याच्या जन्मांतच असावें.

कामांचे आडवे पट्टे काढून कोणतें केव्हां सुरू होतें व केव्हां संपतें हें दाखविणारा तक्ता ‘गँट’ या नांवानें ओळखला जातो. हेन्री गँट हा अमेरिकन अभियंता १९१९ सालीं वारला. त्याच्या तक्त्यांवर वॉलेस क्लार्क यानें १९२२ सालीं पुस्तक लिहिलें, तें अनेक भाषांत गेलें. पण तसाच तक्ता पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की यानें १८९६ सालींच योजिला होता. त्याचें लेखन पोलिश व रशियन भाषांत राहिलें, म्हणून इंग्रजी जगास त्याचा पत्ता लागला नाहीं. नांव कोणाचें टिकतें यांत भाषेच्या बळाचा केवढा वांटा असतो, हें आम्हां मराठी लोकांस वेगळें सांगावयास नको.

‘क्रिटिकल पाथ’ ही पद्धति १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या रसायनांच्या कंपनींत मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँडचा जेम्स केली यांनीं बसविली. ती समजण्यास लग्नघर पुरे आहे. पत्रिका छापून येण्यास १० दिवस आणि त्यानंतर त्या वांटण्यास १५. म्हणजे ही सांखळी २५ दिवसांची. दागिने घडण्यास २० दिवस, मांडवास ३. सोनारानें ५ दिवस उशीर केला तरी मुहूर्त टळत नाहीं. छापखान्यानें एक दिवस केला तरी सर्व कार्य एक दिवस मागें पडतें. जी सांखळी सर्वांत लांब, जिच्यांत तिळभर सवड नाहीं, ती क्रिटिकल पाथ. आपल्या आज्या-पणज्या ही गोष्ट जाणून होत्या. त्यांनीं तिला नांव दिलें नव्हतें इतकेंच.

या सर्वांत घातक शब्द ‘मॅन-मंथ’, म्हणजे एका माणसाचें महिनाभराचें काम. शाळेंत आपण काळ-काम-वेगाचीं उदाहरणें घोकलीं : १२ मजूर विहीर ८ दिवसांत खणतात, तर २४ मजूर किती दिवसांत? उत्तर चार. फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या देखरेखीखालीं सिस्टम ३६० यंत्रांचा मुख्य कार्यक्रम तयार होत असतां काम लांबलें, माणसें वाढविलीं, आणि तें आणखीच लांबलें. १९७५ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत त्यांनीं याची मीमांसा केली. नवीन माणसास जुन्यानें शिकवावें लागतें, आणि प्रत्येकाला प्रत्येकाशीं बोलावें लागतें. ५ माणसांत अशा जोड्या १०, तर १० माणसांत ४५ होतात. त्रैराशिक खोटें नाहीं; तें विहिरीस लागू आहे, विचाराच्या कामास नाहीं. हा एक शब्द चुकीचा समजल्यामुळें किती घरांतील मुलें रात्री जागतात, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं.

‘स्क्रम’ ही रग्बीच्या खेळांतील खांद्याला खांदा भिडवून केलेली झुंड. १९८६ सालीं ताकेउची व नोनाका या जपानी अभ्यासकांनीं नवा माल घडविणाऱ्या संघास ही उपमा दिली, आणि १९९५ सालीं श्वेबर व सदरलँड यांनीं तिच्यावरून कार्यक्रमलेखनाची पद्धति मांडली. तिच्यांतील रोजची पंधरा मिनिटांची बैठक संघानें आपसांत आजचें काम ठरविण्यासाठीं आहे. पुष्कळ ठिकाणीं ती वरिष्ठापुढें हजेरी देण्याची झाली आहे. नांव तेंच राहून अर्थ पालटतो तो असा.

आणि अर्थ पालटल्यास काय होतें? ११ डिसेंबर १९९८ रोजीं अमेरिकेनें मंगळाकडे हवामान-निरीक्षक यान सोडलें. त्याला दिलेल्या लहान धक्क्यांचे आंकडे एका गटाचा कार्यक्रम इंग्रजी पौंडांच्या मापांत देत होता. दुसऱ्या गटाचा कार्यक्रम ते मेट्रिक पद्धतीच्या न्यूटनांत आहेत असें समजून वापरीत होता. एकाचें दुसऱ्याशीं प्रमाण सुमारें साडेचार पट. मेट्रिक माप वापरावें असें लेखी ठरलेलेंही होतें! २३ सप्टेंबर १९९९ रोजीं यान मंगळाच्या आड गेलें तें पुन्हां बोललें नाहीं. व्याख्या कागदावर असून भागत नाहीं. ती दोन्ही बाजूंच्या मनांत एकच असावी लागते.

याबाबत आपल्या इतिहासांत एक उत्तम धडा आहे. १६७४ सालीं राज्याभिषेक झाल्यावर शिवाजीमहाराजांनीं शब्दांचीं दोन कामें करविलीं. एक, रघुनाथपंडिताच्या नांवावर असलेला राज्यव्यवहारकोश : फारशी कारभारी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द. दुसरें, अष्टप्रधानांचा कानुजाबता : अमात्यानें जमाखर्च पाहावा, सचिवानें राजपत्रें शोधावीं, अशीं प्रत्येकाचीं कामें त्यांत नेमून दिलीं. पहिल्यानें नांवें दिलीं, दुसऱ्यानें अर्थ. पुढें ‘मुख्य प्रधान’ मागें पडून ‘पेशवा’ हाच शब्द लोकांच्या तोंडीं राहिला, तरी पदाचें काम काय हें प्रत्येकास ठाऊक होतें. आज आपण कोशाविषयीं कडाक्यानें भांडतों आणि कानुजाबता विसरतों.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. घरांतील मुलगा वा सून असा एखादा शब्द बोलली तर संकोचानें गप्प राहूं नये, ‘म्हणजे काय?’ असें खुशाल विचारावें. उत्तर मराठींत देतां आलें तर शब्द कोणत्याही गांवचा असो, अर्थ आपल्या घरांत आला. आणि उत्तर देतां आलें नाहीं, तर तो शब्द उद्यां कचेरींत उच्चारण्यापूर्वीं तीही क्षणभर थांबेल. तेवढ्या थांबण्यानेंही पुष्कळ अनर्थ टळतात.