पाण्याचा ताळेबंद आणि खारपाणपट्टा

वऱ्हाडचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण कापसापासून सुरुवात करतो. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूरला पोचली. हे सगळं आपण ऐकलेलं आहे. आज मात्र मी विहिरीपासून सुरुवात करणार आहे.

अकोल्याहून उत्तरेला अकोटकडे निघालात की पूर्णा नदी लागते. ती सातपुड्याच्या डोंगरात उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत जो सपाट, काळ्या गाळाचा प्रदेश आहे, त्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर. सुमारे नऊशे गावं. इथे विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते खारं असतं. एके काळी या भागात विहिरी खोदायच्या त्या मिठासाठी. विहिरीचं पाणी आटवून मीठ काढत असत, याची नोंद जुन्या भूगर्भशास्त्रीय ग्रंथांत आहे. म्हणजे ज्या खारेपणाला आज आपण शाप म्हणतो, तो एकेकाळी उत्पन्नाचा भाग होता. ते मिठाचं उत्पन्न इंग्रजी अमलात बंद झालं, खारं पाणी तेवढं उरलं.

स्वातंत्र्यानंतर यावर आपण दोन उत्तरं शोधली. पहिलं उत्तर नळाचं. सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा दक्षिणेच्या डोंगराळ भागात धरण बांधायचं आणि गोडं पाणी नळाने गावोगाव न्यायचं. अकोट-तेल्हाऱ्याकडची वान धरणावरची चौऱ्याऐंशी खेडी योजना तुम्हाला माहीत आहेच. दुसरं उत्तर अनुशेषाचं. प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, आणि सिंचनात कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे मोजून दाखवलं. अमरावती विभागाच्या हातात तेव्हा पहिल्यांदा एक आकडा आला. त्या आकड्यावर चाळीस वर्षं राजकारण चाललं, आणि ते चालायलाच हवं होतं. पण अनुशेष सांगतो की सरकारी काम किती मागे पडलं. माझ्या गावात पाऊस किती पडला आणि तो गेला कुठे, हे तो सांगत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एका प्राध्यापकाबद्दल आता बोलू. मिलिंद सोहोनी हे मुंबईच्या आयआयटीतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. केतन मुळमुळे यांच्याबरोबर त्यांनी गणनाच्या काठिण्याचा भूमितीच्या अंगाने अभ्यास केला, आणि त्या क्षेत्रात त्यांचं नाव जगभर आहे. हाच माणूस पुढे आयआयटीच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे 'सितारा'त, रमला. कर्जतसारख्या तालुक्यांत विद्यार्थ्यांना घेऊन पिण्याच्या पाण्याच्या योजना तपासू लागला. टँकर का येतो? योजना असून नळ कोरडा का? असले साधे प्रश्न.

पुढे राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आणला. पंधरा जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावं त्यात होती. हवामान बदलाला शेती कशी तोंड देईल, हा त्याचा विषय, आणि खारपाणपट्ट्यातली गावं त्यात मुद्दाम घेतलेली. या प्रकल्पासाठी गावागावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटीच्या चमूने तयार केली.

हा ताळेबंद काय असतो? हिशेब सोपा आहे. एक हजार हेक्टरच्या शिवारात साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं पंचाहत्तर लाख घनमीटर. त्याच्या चार वाटा. काही वाहून जातं, काही पीक घेतं, काही मातीत ओल म्हणून राहतं, काही खोल मुरतं. कोणत्या वाटेने किती गेलं, हे जमिनीचा पोत, उतार, पीक आणि रोजचा पाऊस यांवरून काढायचं. रोजचा पाऊस घेणं महत्त्वाचं, कारण वर्षाची बेरीज फसवते.

आता गंमत बघा. सातपुड्याच्या पायथ्याला अकोट, अंजनगाव, परतवाड्याकडे मुरलेलं पाणी म्हणजे ठेव. ते विहिरीतून काढता येतं, संत्री त्यावरच उभी आहेत. तिथून थोडं दक्षिणेला उतरून पूर्णाकाठी आलात की तेच मुरलेलं पाणी बहुतेक बुडीत खात्यात जातं, कारण खाली क्षार आहे. ते उपसून वावरात दिलं तर जमीन चोपण होते. म्हणजे ताळेबंदाचा रकाना एकच, पण एका गावात तो जमेचा आणि दुसऱ्या गावात तोट्याचा. मग दोन्हीकडे एकच 'पाणी अडवा, पाणी जिरवा' कसं चालेल? इथे जिरवण्यापेक्षा वाहून जाणारं पाणी शेततळ्यात वरच्या वर धरणं, आणि मातीतली ओल हरभऱ्यापर्यंत टिकवणं, याला अर्थ आहे.

यात आता हवामानाची भर पडली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की मध्य भारतात अतिवृष्टीच्या व्यापक घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. चिकणमातीच्या आपल्या वावरात धो-धो पाऊस आला की पाणी साचतं, नाहीतर नाल्याने निघून जातं. आणि पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की कपाशीला द्यायला विहीर नाही. बाकी वऱ्हाडात खंड पडला तर मोटार सुरू करतात, इथे आभाळाकडे बघतात.

ताळेबंदाने सगळं सुटत नाही, हेही सांगतो. तुट किती हे तो सांगतो. शेततळं कोणाला मिळणार आणि ज्याच्याकडे तळ्यापुरतीही जमीन नाही त्याचं काय, हे ग्रामसभेनेच ठरवायचं असतं. पण हिशेब समोर नसेल तर ग्रामसभेत ज्याचा आवाज मोठा, त्याचं काम आधी होतं.

सोहोनी यांचं एक म्हणणं मला पटतं: जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासाला घ्यावेत. २०१६ साली सुरू झालेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानामागे हाच विचार होता. अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ १९६९ पासून. भातकुलीचा ताळेबंद मांडायला मुंबईहून माणूस यावा लागला, याचं त्याला श्रेय देऊ. पण दरवर्षी तो तपासायला, चुकला असेल तर दुरुस्त करायला, इथलीच पोरं लागतील. तुमच्यापैकी जे शिकवतात, त्यांनी यंदाच्या जूनमध्ये चार विद्यार्थ्यांना एक पर्जन्यमापक आणि एक वही देऊन एखाद्या खारपाणपट्ट्यातल्या गावात पाठवावं, एवढीच विनंती.