संघटनात्मक बदल आणि प्रतिकार : नीरा डावा कालवा

संघटनात्मक बदल म्हणजे एखाद्या संस्थेचे नियम, अधिकार, कामाची रीत आणि लाभाची वाटणी यांत होणारा टिकाऊ फेरफार. तो का घडतो आणि का अडतो, याची उत्तरे अभ्यासकांनी बहुधा कारखान्यांत शोधली. कुर्ट लेविन यांनी 1947 मध्ये बदलाला वितळण्या-गोठण्याची उपमा दिली : जुनी घडी आधी वितळवायची, मग हलवायची, मग पुन्हा गोठवायची. 1948 मध्ये लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतल्या हारवुड कपडे कारखान्यातला प्रयोग मांडला. नवी पद्धत ठरवताना ज्या कामगारांना सामील करून घेतले त्यांनी ती लवकर उचलली; ज्यांना ती फक्त सांगितली त्यांचे उत्पादन घसरलेलेच राहिले. मायकेल हॅनन आणि जॉन फ्रीमन यांचे 1984 मधले प्रतिपादन वेगळे आहे : ज्या शिस्तीमुळे संस्था भरवशाची होते, तीच शिस्त तिला जड करते.

या तिन्ही मांडण्या पारखायला बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाणारा नीरा डावा कालवा फार उपयोगी आहे. पाटबंधारे खाते, पाटकरी, बागायतदार आणि साखर कारखाने मिळून कालवा ही एक संस्थाच होते.

1876–78 च्या दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि हा कालवा बांधण्यात आला. 1885 पासून पाणी सुटू लागले. शेतकऱ्यांनी मात्र ते नियमाने घेतले नाही. शेतकरी अडाणी, जुन्याला चिकटलेला, हा निष्कर्ष काढणे सोपे होते, पण तो चुकीचा ठरतो. भारी काळ्या जमिनीत हस्ताचा पाऊस पडला की शाळू जमिनीतल्या ओलीवरच येतो. अशा वर्षी पाणीपट्टी भरणे म्हणजे नुकसान. पाऊस हुकला की हेच लोक पाण्यासाठी अर्ज घेऊन येत, आणि त्याच वर्षी सगळ्यांना पुरेल इतके पाणी नसे. प्रतिकार हा शब्द वरून पाहणाऱ्याचा आहे. बांधावरून तो हिशेब दिसतो.

हा हिशेब उसाने बदलला. सासवडकडचे माळी बागायतदार कालव्याच्या कडेने खाली सरकले, खंडाने जमिनी घेऊन ऊस लावू लागले, गूळ करू लागले. बारमाही पाण्याला गिऱ्हाईक मिळाले, पण अतिपाण्याने जमिनी चोपण होऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत सुचवली : जमिनीचे गट पाडायचे, गटाच्या ठराविक भागातच ऊस, उरलेल्यात हंगामी पिके, दरवर्षी फेरपालट, आणि पाणी लांबच्या गावांपर्यंत. बागायतदारांनी विरोध केला, कारण आपला ऊस कुठे लावायचा हे आता खाते ठरवणार होते. त्यांच्याशी बोलणी करूनच पद्धत रुळवावी लागली. हारवुडच्या चाळीसेक वर्षे आधी तोच धडा इथे मिळाला होता.

पुढचा भाग लेविनच्या उपमेत बसत नाही. ब्लॉक मंजूर असणे हाच हळूहळू हक्क मानला जाऊ लागला. 1930 च्या दशकात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला. त्या वसाहतीचे नाव वालचंदनगर. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी कारखाने आले. कारखान्याला हंगामभर ऊस लागतो, म्हणून सभासदाला बारमाही पाणी लागते. एका संस्थेची गरज दुसरीच्या नियमाला टेकू देते. पाणी पसरवण्यासाठी केलेली सुधारणा अशी पाणी धरून ठेवण्याचे साधन झाली. हॅनन आणि फ्रीमन यांचे म्हणणे इथे नेमके लागू पडते. राज्याने 1987 मध्ये आठमाही सिंचनाचे, म्हणजे वर्षातले आठच महिने पाणी देण्याचे, धोरण स्वीकारले. तरी बारमाही पाणी लागणारा ऊस या पट्ट्यात आजही उभा आहे.

राज्याच्या 2005 च्या सिंचन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापनाने, म्हणजे मोजून, पाणी देण्याची तरतूद केली. याला कालव्यावर एकच प्रतिसाद मिळेल असे मानणे चूक आहे. वरच्या अंगाला, बारामतीच्या बाजूला, आवर्तन आधी पोहोचते; तिथे मोजमाप म्हणजे हातचे जाण्याची भीती. शेपटाला, इंदापूरच्या गावांत, चारीत पाणी येईल की नाही याचीच धास्ती असते. तिथे मोजमाप हेच संरक्षण. प्रचलित सिद्धांत संस्थेला एक मन असल्यासारखे धरून चालतात. नीरेच्या पाटावर ते मन निदान दोन ठिकाणी आहे, आणि खात्याचा शाखा अभियंता दर उन्हाळी आवर्तनात त्या दोहोंच्या मधे उभा असतो.