गोधडीच्या पोटातला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, ताम्रपट, मोडीतली पत्रे येतात. माळ्यावर घडी घालून ठेवलेली गोधडी काही येत नाही. पण गेल्या शंभर वर्षांत मराठी माणसाने काय नेसले, काय पांघरले, कापड केव्हा मुबलक मिळाले आणि केव्हा मिळेनासे झाले, याची नोंद ठेवणारे दफ्तर घरोघरी असेल, तर ते गोधडीच, असे मला वाटते. आज या दफ्तराची काही पाने आपण उलगडून पाहू.

गोधडीला गावोगावी नावे निराळी. कुठे ती वाकळ, तर कर्नाटकाच्या सीमेवर कौदी. तान्ह्या बाळाची झाली की तीच दुपटे होते. बंगालात तिची बहीण कांथा. हे नाव संस्कृतातल्या 'कन्था' या शब्दाशी जोडतात. कन्था म्हणजे चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र. बौद्ध भिक्षूंचे चीवरही तुकडे जोडूनच शिवलेले असते. आपल्याकडे संत गाडगे महाराज (१८७६-१९५६) अंगावर चिंध्यांचेच पांघरूण घेत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. ज्या वस्त्राला आपण गरिबीची खूण समजतो, त्याला वैराग्याची अशी जुनी परंपरा आहे.

गोधडी शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. रब्बीची पिके घरात आलेली, पापड-कुरडयांची घाई आटोपलेली, आणि पाऊस अजून लांब. मग दुपारी ओसरीवर जुने लुगडे अंथरायचे. त्यावर फाटकी धोतरे, सदऱ्यांच्या पाठी, परकर असे सगळे तुकडे सारखे पसरायचे. वर दुसरे लुगडे घालायचे, चारी बाजूंना दगड ठेवायचे आणि आधी लांब टाके घालून सगळे थर टाचून घ्यायचे. पुढे काठापासून धावदोरा सुरू होतो. चौकोनात चौकोन घालत तो मध्यापर्यंत येतो. काम एकटीचे नसे. शेजारच्या दोघीतिघी येत, चार कोपऱ्यांना बसत, आणि टाक्यांबरोबर गावाची खबरबातही ओवली जाई.

गोधडी झिजली तरी टाकत नसत. तिच्यावर नवे लुगडे चढवून पुन्हा टाके घालत. त्यामुळे सर्वांत जुने कापड सर्वांत आत राहते. आमच्या घरातली आजीच्या हातची एक गोधडी पार विरली, तेव्हा मी ती एकेक टाका काढून उसवली. वरून आत जाताना मला जे दिसले, ते मी आतून वर सांगतो, म्हणजे काळाचा क्रम नीट लागेल.

अगदी आत होते हातमागाचे जाड लुगडे. त्यावर गिरणीचे धोतर. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला. पुढच्या काळात गिरणीचे एकसारखे, पातळ कापड खेड्यापर्यंत पोचले आणि गोधडी हलकी, मऊ झाली.

त्याच्या वरचा थर पाहून मी थबकलो. तळहाताएवढे तुकडे, त्यांना पुन्हा ठिगळे, आणि मध्येच गोणपाट! आजीच्या हिशेबाने हा काळ दुसऱ्या महायुद्धाचा. लष्करासाठी कापड जाऊ लागले, भाव कडाडले आणि सरकारने १९४३ मध्ये कापड व सुतावर नियंत्रण आणले. 'कंट्रोलचे कापड' हा शब्द त्या पिढीच्या तोंडी कायमचा बसला. नेसायलाच लुगडे नाही, तिथे गोधडीत घालायला कोठून येणार? त्या टंचाईचे आकडे सरकारी कागदांत मिळतील. पण ती एका घराला कशी जाचली, हे त्या गोणपाटाने मला सांगितले.

वरच्या थरांत छापील वायलच्या साड्या आल्या आणि नऊवारीची जागा पाचवारीने घेतलेली दिसली. सर्वांत वर होती पॉलिएस्टरची साडी. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, यंत्रमागांचे कापड बाजारात पसरले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला वाट मोकळी केली. ही साडी फाटत नाही, विटत नाही, पण घामही टिपत नाही. सुती लुगडे जितके जुने तितके मऊ होते, आणि गोधडीची सारी ऊब त्या जुनेपणात असते. जे कापड जुने होतच नाही, त्याची गोधडी कशी व्हावी?

दुसरीकडे बोहारीण दारात उभीच होती. जुने कपडे द्या, स्टीलचे पातेले घ्या. माजघरात दर वेळी हाच निवाडा चाले: साडी गोधडीत घालायची की भांड्यावर द्यायची? हळूहळू पातेले जिंकले. आज देशोदेशींचे टाकलेले लोकरी कपडे पानिपतला जातात, तिथे त्यांचा पुन्हा धागा होतो, आणि त्याच्या स्वस्त ब्लँकेटपुढे महिनाभर सुई चालवणे कुणाला परवडावे?

तरी गोधडी संपलेली नाही. घटस्थापनेआधी 'दसरा काढताना' अजूनही कित्येक गावांत नदीकाठी गोधड्या धुऊन वाळत घातलेल्या दिसतात. बारशाला आजीच्या साडीचे दुपटे अजून लागते. काही ठिकाणी बायका ऑर्डर घेऊन गोधड्या शिवतात, त्यांना बरे पैसे मिळतात, हे चांगलेच आहे. मात्र त्यांत कापड दुकानातले नवे कोरे असते. ती गोधडी सुंदर असेल, पण त्यात कुणाचे आयुष्य नसते.

दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते जमवले म्हणून पुण्याच्या संग्रहालयात ते आपल्याला पाहता येतात. पितळ टिकते. गोधडी मात्र वापरून संपण्यासाठीच असते, आणि तिच्याबरोबर ती शिवणारीही विस्मरणात जाते. ज्या बायकांना लिहिता येत नव्हते, त्यांच्या हातचा हा एकच लेख आपल्याकडे उरला आहे. म्हणून एक सुचवतो. घरात जुनी गोधडी असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवा. कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा, कोणता कुणाच्या लग्नातला, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. शिवणाऱ्या बाईचे नाव मात्र सगळ्यात वर लिहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)