स्मोक अलार्म, परस्परजोडणीचे : घराच्या वाढीव बांधकामात (इंग्लंड)

घराला मागून खोली काढताना किंवा माळ्यावर निजायची खोली करताना इंग्लंडमध्ये बसवावे लागणारे धूरसूचक गजर. एक वाजला की घरातले बाकीचे सगळे वाजतात, हे त्यांचे मुख्य लक्षण. बिल्डिंग रेग्युलेशन्समधील ‘पार्ट बी’ हा अग्निसुरक्षेचा भाग त्यांना लागू होतो, आणि त्यावरची सरकारी मार्गदर्शिका म्हणजे ‘अप्रूव्हड डॉक्युमेंट बी’चा पहिला खंड. नव्या घरांना मेन सप्लायवरचे स्मोक अलार्म तिथे १९९२ पासून सक्तीचे आहेत. जुन्या घराला मात्र हा नियम बहुधा वाढीव कामाच्या निमित्तानेच गाठतो.

इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. स्वतंत्र घराच्या मागे चार मीटरपर्यंत किंवा जोडघराच्या मागे तीन मीटरपर्यंत एकमजली खोली काढायला बहुतेक ठिकाणी प्लॅनिंगची वेगळी परवानगी लागत नाही. म्हणून ‘आपल्याला कसलीच परवानगी नको’ असे घरमालक धरून चालतो. प्लॅनिंग आणि बिल्डिंग कंट्रोल ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्याने सूट दिली तरी दुसऱ्याकडे अर्ज, तपासणी आणि दाखला चुकत नाही.

नवी राहती खोली वरच्या मजल्यावर असेल, किंवा तळमजल्यावर असूनही तिला थेट बाहेर पडायचे दार नसेल, तर अलार्म लागतात. ते त्या खोलीत लावून भागत नाही. घरातल्या येण्याजाण्याच्या जागा, म्हणजे हॉल, जिना आणि लँडिंग, इथे ते बसवायचे असतात. कारण बांधकाम मागे झाले तरी अडचण पुष्कळदा मधल्या जुन्या खोलीची होते. रांगेतल्या जुन्या घरात मधल्या खोलीची खिडकी परसात उघडत असे. तिच्यापुढे एक्स्टेन्शन उभे राहिले की खिडकी गेली, आणि आतल्या माणसाला दुसऱ्या खोलीतूनच बाहेर पडावे लागते. त्या दुसऱ्या खोलीत आग लागली तर मधल्या खोलीतला कोंडला जातो. सुटकेसाठी खिडकी ठेवायची तर तिची उघडणारी मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर, लांबी-रुंदी ४५० मिलिमीटरच्या खाली नाही आणि खालची कड जमिनीपासून ११०० मिलिमीटरच्या आत, अशी अट आहे. तपासनीस नकाशात आधी हेच बघतो. अलार्मचा विचार त्यानंतर येतो.

जागेचे नियम थोडके आहेत. प्रत्येक मजल्यावर निदान एक स्मोक अलार्म हवा. येण्याजाण्याच्या वाटेवरचा अलार्म प्रत्येक राहत्या खोलीच्या दारापासून साडेसात मीटरच्या आत असावा. छतावर बसवताना भिंत आणि दिवा यांपासून ३०० मिलिमीटर अंतर सोडायचे. न्हाणीघर, गॅरेज, हीटरच्या वरची जागा वर्ज्य. छतावरचा अलार्म काढता-घालता यावा, म्हणून जिन्याच्या पोकळीवर तो लावू नये. तिथे शिडी उभी राहत नाही आणि मग वर्षानुवर्षे त्याला कोणी हात लावत नाही.

स्वयंपाकघराचा प्रश्न वेगळा. मधली भिंत पाडून स्वयंपाकघर, जेवणाची आणि बसायची जागा एक करण्याची इंग्लंडमध्ये आता रीतच पडली आहे. स्वयंपाकघर आणि जिना किंवा हॉल यांच्यामध्ये दार नसेल तर स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा हीट अलार्म लावून तो इतरांना जोडावा लागतो. तो धुराला दाद देत नाही. बाजारातले बहुतेक हीट अलार्म ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास वाजतात. लंडन-स्लावकडच्या मराठी घरांत याचे महत्त्व सांगावे लागत नाही. मोहरी-मिरचीची फोडणी रोजची, आणि चुलीजवळचा नुसत्या बॅटरीवरचा स्मोक अलार्म दर संध्याकाळी बोंबलू लागला की घरातले कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवते. बॅटरी काढलेला असा अलार्म नसल्यासारखाच. हॉल-लँडिंगवरही आतल्या प्रकाशाचे विखुरणे मोजून धूर ओळखणारा ऑप्टिकल प्रकार घ्यावा. अमेरिशियमचा सूक्ष्म किरणोत्सर्गी स्रोत वापरणारा आयनीकरणाचा प्रकार भडकलेल्या आगीला चपळ, पण स्वयंपाकाच्या वाफा-धुराला जास्त हळवा असतो.

किती अलार्म लावायचे, याबाबत सरकारी किमान पातळी आणि ब्रिटिश स्टँडर्ड ‘बीएस ५८३९-६’ यांच्यात फरक आहे. या स्टँडर्डनुसार ‘एलडी३’ म्हणजे फक्त सुटकेच्या वाटा, ‘एलडी२’ म्हणजे वाटा आणि जास्त धोक्याच्या खोल्या, ‘एलडी१’ म्हणजे जवळजवळ सगळे घर. मार्गदर्शिका सर्वसाधारण घराला एलडी३ वर सोडते. स्कॉटलंडने १ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या-जुन्या सर्वच घरांना बसायच्या खोलीत, प्रत्येक मजल्याच्या हॉल-लँडिंगवर आणि स्वयंपाकघरात जोडलेले अलार्म सक्तीचे केले. इंग्लंडचे किमान माप त्यापुढे तोकडे वाटते. छत उघडे आहे, वायरमन घरात आहेच, अशा वेळी बसायच्या खोलीत आणखी एक अलार्म टाकायला फारसा खर्च येत नाही; तेव्हा एलडी३ वर थांबणे हे काटकसरीपेक्षा आळसाचे लक्षण.

वीज मेनमधून येते आणि ती गेली तर आतली बॅटरी साथ देते. बॅटरी सीलबंद असेल तर ‘ग्रेड डी१’, घरमालकाला बदलता येत असेल तर ‘डी२’. स्वतंत्र सर्किट काढता येते. पण रोज वापरातल्या दिव्यांच्या सर्किटवर जोडणे अनेक वायरमन पसंत करतात : ब्रेकर पडला तर दिवेही जातात, आणि लक्षात यायला वेळ लागत नाही. जोडणी तारेने असेल तर फेज, न्यूट्रल, अर्थ यांखेरीज एक इशाऱ्याची तार सर्व अलार्ममधून फिरते आणि सगळे एकाच सर्किटवर घ्यावे लागतात. ही तार चुकून अर्थला लावली की अलार्म बिघडतात. जुन्या घराचे प्लास्टर फोडायचे नसेल तर रेडिओने जोडणारे अलार्म चालतात; युरोपात ते बहुधा ८६८ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि शेजाऱ्यांच्या संचाशी गल्लत होऊ नये म्हणून बसवतानाच त्यांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागते. वेगवेगळ्या कंपन्यांचे अलार्म सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे हॉलमधला जुना अलार्म ठेवून मागे नवा जोडण्याचा बेत बहुतेक वेळा फसतो आणि संच पूर्ण बदलावा लागतो.

चाचणी काम संपल्यावरच घ्यावी. प्लास्टर आणि लाकूडकामाची धूळ आत जाऊ नये म्हणून नव्या अलार्मवर प्लास्टिकची टोपी असते. रंगारी जाईपर्यंत ती राहू द्यायची आणि मग आठवणीने काढायची. टोपी तशीच राहिली तरी मेनचा हिरवा दिवा जळत राहतो, बटण दाबले की गजरही होतो, फक्त धूर आत शिरत नाही. बटण इलेक्ट्रॉनिक्स तपासते, धुराची वाट नव्हे. म्हणून चाचणीच्या फवाऱ्याने प्रत्येक अलार्म वाजवून बाकीचे सगळे वाजतात का ते पाहतात. मग सर्किट बंद करून बॅटरीवर तेच पुन्हा. दार लावून निजलेल्याला आवाज पोहोचतो का, हेही तेव्हाच ऐकून घ्यावे.

कागद तीन. वायरिंगचा दाखला वायरमन ‘बीएस ७६७१’नुसार देतो; नवे सर्किट काढले असेल तर ते काम ‘पार्ट पी’ या वीजसुरक्षेच्या भागाखाली कळवावे लागते, आणि एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या योजनेत नोंदलेला वायरमन ते स्वतःच कळवू शकतो. अलार्म कोणत्या ग्रेडचे, कोणत्या श्रेणीत बसवले आणि तपासले, याचा दाखला बीएस ५८३९-६ प्रमाणे वेगळा असतो. पहिल्यात दुसरा आलाच असे समजणे चूक. हे दोन्ही पाहून आणि जागेवर खात्री करून घेऊन स्थानिक कौन्सिल संपूर्ण बांधकामाचे कम्प्लीशन सर्टिफिकेट देते; खासगी नोंदणीकृत अप्रूव्हर असेल तर त्याचे नाव फायनल सर्टिफिकेट. घर विकताना खरेदीदाराचा वकील हाच कागद मागतो. तो नसेल तर नंतर तपासणी करून कौन्सिलकडून रेग्युलरायझेशन घेता येते, पण ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या कामांपुरतेच, आणि त्यासाठी छत पुन्हा उघडावे लागू शकते.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाच्या कक्षेतल्या इमारतींना दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा दाखला द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये मालक स्वतः राहत असलेल्या घराला असा सहामाही दाखला नाही. बांधकामाच्या वेळी मिळतो तेवढाच. पुढची देखभाल घरच्यांकडे : आठवड्याला एकदा बटण दाबणे आणि अधूनमधून व्हॅक्यूमने धूळ काढणे. अलार्म बदलण्याची मुदत त्याच्या अंगावर छापलेली असते, ती साधारण दहा वर्षांची.